लाखेची तबकडी, लाखांचा बाजार

डिसेंबर २०१५मध्ये अमेरिकेत एका जुन्या ध्वनिमुद्रिकेचा लिलाव झाला. बीटल्स या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने १९६८ साली पांढऱ्या वेष्टनात काढलेल्या संचाची ती क्रमांक एकची प्रत. मालक त्याच वृंदाचा ड्रमवादक रिंगो स्टार. तिला ७ लाख ९० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पाच कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. तीच गाणी इतर लाखो प्रतींवरही होती. पाच कोटी मोजले गेले ते गाण्यासाठी नव्हे, क्रमांकासाठी! वस्तूचा उपयोग गौण ठरवून दुर्मिळतेलाच मोल देणाऱ्या बाजाराचे हे नागडे रूप होय.

हिंगोलीच्या कार्यकर्त्याला या विलायती छंदाचे काय, असे कोणी विचारील. परंतु संग्राहक ज्यांच्यामागे धावतात त्यांत बीटल्सच्या भारतीय तबकड्याही आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या ब्रिटनमध्ये १९६०च्या सुमारास बंद पडल्या. भारतात मात्र असंख्य खेड्यांत वीज नव्हती आणि चावीचे ग्रामोफोन चालू होते. म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात बीटल्सची गाणी त्या जुन्या पद्धतीच्या तबकड्यांवर निघाली. अशा तबकडीचा एक प्रमुख घटक म्हणजे लाख. छोटा नागपूरच्या जंगलातील आदिवासी ती फांद्यांवरून खरवडून काढत. आज या तबकड्यांचा भाव चढला, तरी त्या आदिवासीला किंवा साच्यात तबकडी दाबणाऱ्या कामगाराला त्यातून छदामही मिळत नाही. हिंगोली-वसमतच्या हळद उत्पादकाला हा न्याय नवा नाही. पिकवणारा विकून मोकळा होतो. भाव चढतो तो साठवणाऱ्याच्या गोदामात.

संग्राहक नसते तर पुष्कळ संगीत भंगारात गेले असते, हा युक्तिवाद खरा आहे. ते श्रेय त्यांना द्यावेच. पण जे गाणे कपाटात बंद राहते ते जपले गेले असे कसे म्हणावे? ते केवळ ताब्यात घेतले गेले. ज्यांचे जन्मगाव म्हणून याच जिल्ह्यातील नरसी ओळखली जाते, त्या नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली आणि गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, ती कुलपात ठेवल्यामुळे नव्हे.

भजने, पोवाडे, लावण्या व भीमगीते यांच्या तबकड्या मराठवाड्यातील कित्येक माळ्यांवर आजही धूळ खात असतील. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे आता त्यातून मुक्त आहेत. गीतकार व संगीतकार यांचे हक्क स्वतंत्र आहेत आणि ते सांभाळलेच पाहिजेत. मर्यादा ही एवढीच.

तेव्हा व्यापाऱ्याच्या आधी कार्यकर्ता त्या माळ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. सार्वजनिक ग्रंथालयांत जिथे कोणालाही विनामूल्य ऐकता येईल असे श्रवणकक्ष उभारावेत, ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून उठली पाहिजे आणि तिचा आरंभ हिंगोलीने करावा. श्रमिकांच्या कंठातून आलेले गाणे श्रमिकांनाच विकत घ्यावे लागणार असेल, तर सांस्कृतिक वारशाच्या गप्पा कोणी मारू नयेत.