पूररेषेच्या आत कोण?

नगररचनेच्या कामात माझी उमेद गेली. नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. ‘पूर सगळ्यांनाच येतो, त्यात बायकांचं वेगळं काय?’ असं बैठकांत हमखास विचारलं जातं.

वेगळं आहे. नदीकाठची स्वस्त, सखल जागा गरिबाच्याच वाट्याला येते. घर नवऱ्याच्या नावावर, म्हणून पंचनामाही त्याच्या नावाने. टाकलेल्या, भाड्याने राहणाऱ्या बाईचं नाव कुठल्या कागदावर? तिची शिलाई मशीन, खानावळीची भांडी कोण मोजणार? निवाऱ्यात संडासाला कडी आणि रात्री दिवा नसेल, तर बाई पाणी छातीशी येईपर्यंत घर सोडत नाही. म्हणजे कडीसुद्धा पूरनियोजनच!

घरावर दोघांची नावं हवीत, पंचनाम्यावर घरातल्या बाईची सही हवी. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या कायद्यानुसार हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. तेव्हा वस्तीतल्या साऱ्याजणींनी मिळून हरकत लिहा, पोच घ्या, सुनावणीला जा. नदी कुठवर येते, हे तुम्हाला नकाशाआधीच ठाऊक असतं.