सुमारे ४४

परवा ताईकडे गेलो होतो. आठवीतली भाची चाचणीचा पेपर समोर टाकून फुरंगटून बसली होती. अर्धा मार्क गेला होता. प्रश्न साधाच: त्रिज्या ७ सेंमी, वर्तुळाचा परीघ काढा. तिने लिहिलं होतं, 'सुमारे ४४ सेंमी'. ४४ वर बरोबरची खूण, 'सुमारे'वर लाल काट आणि शेजारी शेरा: गणितात अंदाज चालत नाही.

अर्ध्या मार्कासाठी भांडणारा मामा व्हायची मला हौस नाही. पण मंडळी, हा शेरा चूक आहे. त्या उत्तरात सगळ्यात शहाणा शब्द कुठला असेल तर तो 'सुमारे'च!

परीघ व्यासाच्या जितक्या पट, ती संख्या म्हणजे पाय. ती ३.१४१५९... अशी न संपता चालत राहते. २२/७ म्हणजे ३.१४२८५..., किंचित जास्त. त्यामुळे भाचीच्या वर्तुळाचा खरा परीघ ४३.९८ च्या आसपास. फरक मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी, कबूल. पण त्रिज्या ७ किलोमीटर करा, तोच फरक जवळजवळ १८ मीटर होतो.

आणि हे काही नवीन नाही. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने २०००० व्यासाला ६२८३२ परीघ सांगितला, म्हणजे पाय झाला ३.१४१६. तरीही त्याने तिथे 'आसन्न' हा शब्द घातला. आसन्न म्हणजे जवळपासचा. लीलावतीत भास्कराचार्यांनी ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलं आणि २२/७ ला स्थूल, व्यवहारापुरतं. आजच्या चाचणीत दोघांचाही अर्धा-अर्धा मार्क गेला असता :)

आमची मावशी जन्मभर गणित शिकवत होती. ती म्हणते, "पन्नास पेपर तपासताना एकच उत्तर लागतं रे, म्हणून २२/७ घ्यायचं." बरोबर आहे. पण मावशी, 'घ्यायचं' आणि 'आहे' यात फरक आहे ना? 'पाय २२/७ घ्या' हा सोयीचा करार झाला. 'पाय म्हणजे २२/७' ही थाप. आणि हीच मुलं पुढे शिकतात की पाय अपरिमेय आहे, कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही (लँबर्टने हे १७६१ साली सिद्ध केलं). मग आधी शिकवलं ते काय होतं?

वर आमच्या उदाहरणांतल्या त्रिज्या बघा: ७, १४, २१, ३.५. जणू जगातली सगळी वर्तुळं सातच्या पाढ्यातून जन्मली! उत्तर सुबक येतं आणि मूल आकृतीकडे बघायचंच सोडून देतं. मग ७ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार बागेला कुंपण किती, तर वर्गातली निम्मी मुलं २२ लिहितात. अर्धं वर्तुळ, म्हणून सूत्राचंही अर्धं. अरे, भाकरी मधोमध मोडली की सरळ कड तयार होते की नाही? क्षेत्रफळ निम्मं होतं, १५४ चं ७७. कुंपणाला मात्र व्यासाचे १४ मीटर मिळवावेच लागतात, ३६ होतात.

त्या संध्याकाळी आम्ही सूत्र बाजूला ठेवलं. जेवणाचं ३० सेंमी व्यासाचं ताट घेतलं, भोवती सुतळी गुंडाळली, पट्टीवर मोजली. ९४.५ भरली. भागाकार ३.१५. भाची म्हणाली, "मामा, दुसऱ्यांदा मोजलं तर वेगळं येईल." आलंच! ९४.

मग कागदाचं वर्तुळ कापून त्याच्या सोळा फोडी केल्या आणि एक सुलटी, एक उलटी अशा शेजारी लावल्या. जवळजवळ आयत झाला. उंची त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी. म्हणजे क्षेत्रफळ अर्धा परीघ गुणिले त्रिज्या. आर्यभटानेही तसंच सांगितलंय. 'पाय आर वर्ग' त्यातूनच निघतं, घोकावं लागत नाही. "पण कडा वाकड्या आहेत," भाची म्हणाली. मी म्हटलं, फोडी वाढव. ती बत्तीस करायला बसली, जेवायला उठेना.

ताई, हे तू वाचशीलच. शाळेत जाऊन भांडू नकोस, बाईंच्या डोक्यावरही पोर्शन आहे. अर्धा मार्क गेला तर गेला. फक्त तिला 'सुमारे' लिहायचं सोडू देऊ नकोस.