धरनईचा सौर मायक्रोग्रिड का थांबला?

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गाव तीन दशके विजेविना होते. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॉटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती स्वतंत्र वीजयंत्रणा, उभारला. दिवे, पंखे, मोबाइल चार्जिंग भागले. पण टीव्ही-फ्रिजला मनाई. महिनाभरात माजी मुख्यमंत्री नितीशकुमार आले, तेव्हा गावकऱ्यांनी ‘खरी वीज’ मागितली. पुढे सरकारी लाइन आली, तीही स्वस्त दराने. बॅटऱ्या संपल्या आणि यंत्रणा बंद पडली.

याला गावकऱ्यांचा कृतघ्नपणा म्हणणे सोपे आहे. चूक हिशेबाची होती. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, लेड-ॲसिड बॅटरी जेमतेम चार-पाच. ती बदलण्याचा पैसा वीजदरातूनच उभा राहावा लागतो, आणि फ्रिज नको म्हटल्यावर युनिट खपणार किती?

महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ने बॅटरीचा प्रश्नच टाळला: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, शेतीपंपांना दिवसा वीज. मात्र ग्रिड गेले की असा प्रकल्पही, सुरक्षेसाठी, भर उन्हात बंद होतो. लाइन वारंवार तुटणाऱ्या दुर्गम पाड्यांना बॅटरी लागणारच. तिथल्या निविदेत दुसऱ्या बॅटरीचा खर्च कोणाच्या नावावर आहे, हे आधी तपासावे.