मागे राहणाऱ्याची जागा

कुटुंब वाढले की पूर्वी घराला एक सोपा वाढवीत; आता गाडी बदलतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या आगेमागे ज्या घरी जावे तेथे हीच चर्चा कानांवर येते: पाच माणसांची गाडी पुरत नाही, सात माणसांची घ्यावी काय? प्रश्न वरकरणी पैशाचा दिसतो. थोडे खोलात गेले, की तो वजनाचा, रस्त्याचा, कायद्याचा आणि अखेरीस माणसांचा असल्याचे ध्यानात येते. या महिन्याचे टिपण त्याच प्रश्नाविषयी.

अमेरिकेत हा प्रश्न मोठ्या गमतीच्या रूपाने उभा राहतो. तिकडची कित्येक सेवानिवृत्त जोडपी बसएवढे चालते घर घेऊन महिनोन् महिने देशभर हिंडतात. त्यात शेगडी, बिछाना, न्हाणीघर असे सारे काही असते. परंतु मुक्कामावर घर एकदा उभे केले, की भाजी आणायला ते धूड बाजारात कसे न्यायचे? म्हणून घराच्या पाठीमागे एक मोटार बांधून ओढत नेतात. सुटीत नातवंडे येऊ लागली, की ती मागची मोटार आजी-आजोबांना लहान वाटू लागते. येथे मात्र मनाला येईल ती गाडी घेऊन चालत नाही. चारी चाके रस्त्यावर टेकवून ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे इंजिन बंद असते. पुष्कळशा स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत गिअरपेटीला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणून पंप बंद. चाके मात्र फिरतच असतात, आणि आतले भाग तेलावाचून घासून निकामी होतात. तेव्हा ‘ही गाडी अशी ओढण्यास हरकत नाही’ असे कारखान्याच्या पुस्तिकेत स्पष्ट असेल, तीच घ्यावी लागते. शिवाय पुढच्या घराची ओढण्याची ताकद किती, जोडाचा आकडा किती वजन सोसतो, मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेक आहे की नाही, हेही पाहावे लागते. तात्पर्य, मागे काय बांधायचे हे पुढच्याच्या बळावर ठरते, आपल्या हौसेवर नव्हे.

वाचकांना ही गोष्ट दूरदेशीची वाटेल. पण चालते घर आपल्यालाही नवे नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असो की वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची चैत्री यात्रा, आपल्याकडील कुटुंबे बैलगाड्या जुंपून निघत. वर तट्ट्याचे छप्पर, खाली पिंजराची गादी, मागे वैरणीचा भारा, टांगलेला कंदील आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. रात्री बैल सोडले, तीन दगडांची चूल मांडली, की तेच घर. गाडीत किती माणसे बसवायची हे बैलांकडे पाहून ठरे. चढ आला की धडधाकट माणसे आपण होऊन उतरत आणि पायी चालू लागत. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या तेवढ्या गाडीत राहत. जागा कोणाची, याविषयीचा तो अलिखित नियम होता आणि तो कोणाला समजावून सांगावा लागत नसे.

पुढे ट्रॅक्टर आला. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपण रोज पाहतो. तीच ट्रॉली धुऊन, ताडपत्री घालून यात्रेला न्यावी आणि तीत वीस-पंचवीस माणसे बसवावीत, हे सहज सुचण्यासारखे आहे. खर्च कमी, आणि सारा भाऊबंद एकत्र. परंतु येथे बैलगाडीचा शहाणपणा उपयोगी पडत नाही. बैल थकला की थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे ब्रेक शेतात झटकन वळता यावे म्हणून वेगवेगळ्या पेडलांवर असतात. रस्त्यावर ती दोन्ही पेडले कडीने जोडून घ्यावयाची असतात. ती कडी विसरली आणि उतारावर एकच पेडल दाबले गेले, की ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागची ट्रॉली त्याला आडवे लोटते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. निपाणीजवळच्या स्तवनिधी घाटात, ज्याला आपण तवंदीचा घाट म्हणतो, डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडणारे महाभाग आजही आहेत. शाळेत शिकविलेला एक नियम त्यांनी आठवावा: वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. शेतीच्या ट्रॉलीतून माणसांची वाहतूक करण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणेही कठीण होऊन बसते. यात्रेहून परतताना ज्या घरांवर असा प्रसंग ओढवला, त्यांना वाचविलेल्या भाड्याचे मोल कोणी सांगावे लागत नाही.

म्हणून मोठी मोटार हवीशी वाटणे मुळीच गैर नाही. वाहनांच्या इतिहासात आपल्या भागाचा वाटाही थोडा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांचा कारखाना १९१० साली किर्लोस्करवाडीस गेला. त्याच घराण्याच्या उद्योगसमूहाने १९९७ मध्ये जपानच्या टोयोटा कंपनीशी भागीदारी करून बेंगळुरूजवळ बिडदी येथे मोटारींचा कारखाना उभारला. त्यातून २००० साली क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा बाहेर पडली. त्याआधी १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले. या गाड्यांनी एकत्र कुटुंबाला प्रथमच एका छपराखाली प्रवास घडविला.

आता निवडीचे पाहू. सात आसने म्हणजे सात माणसे आणि त्यांचे सामान, असा समज करून घेऊ नये. २०१९ साली आलेली रेनो ट्रायबर चार मीटरांहून आखूड असूनही सात आसनांची आहे. मात्र तिन्ही ओळी भरल्या की मागे सामानाला अवघी ८४ लिटर जागा उरते. मारुतीच्या एर्टिगात ती २०९ लिटर आहे. सात जणांच्या चार दिवसांच्या पिशव्या दोन्हींत डोळे मिटून मावतील असे नाही. लांबीचा संबंध कराशीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपर्यंत लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे (डिझेलसाठी इंजिनाची मर्यादा १५०० आहे). त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. तेव्हा किमतीचा तक्ता पाहताना हा फरक ध्यानी असू द्यावा. दुकानात गेल्यावर घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला तिसऱ्या ओळीत चढवून-उतरवून पाहावे. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या आजींना पुढचे आसन दुमडून आत वाकून शिरता येते का, याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही. गाडी भरलेली असताना चढावर कशी चालते तेही पाहावे. रिकामी गाडी सगळीच चांगली पळते.

सीमेवरच्या आपल्या घरांसाठी आणखी एक सूचना. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव सुमारे पंचाहत्तर. साहजिकच पुष्कळ जण गाडी कोल्हापुरात घेतात आणि तिकडच्या नातलगाच्या पत्त्यावर एमएच ०९ क्रमांकाने नोंदवून इकडे वापरतात. मोटार वाहन कायदा १९८८ अन्वये दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला त्या राज्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणावे लागते, नव्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि जुन्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गाडी ज्या अंगणात उभी राहणार, त्याच राज्यात पहिल्यापासून नोंदविणे अखेर स्वस्त पडते.

एवढे करूनही मोठी गाडी परवडत नसेल, तर खंत बाळगू नये. वर्षातले किती दिवस सातही आसने भरतात, याचा हिशेब एकदा वहीत मांडावा. आठ-दहा दिवसच भरत असतील, तर रोजच्यासाठी लहान गाडी ठेवून त्या दिवसांपुरती परवान्याची मोठी गाडी भाड्याने घेणे हाच व्यवहार. ट्रॉलीत बसविण्यापेक्षा ते शतपट बरे.

परंतु या हिशेबात एक रकाना बहुधा सुटतो. पाच आसनांच्या गाडीत सहावे माणूस असले, की कोणीतरी घरी राहते; आणि ते कोण, हे बहुधा न विचारताच ठरते. विधवा आत्या म्हणते, “तुम्ही या जाऊन, मी दिवाबत्ती बघते.” आजोबा म्हणतात, “मला काय बसून बसून पाठ दुखते.” दोघांनाही जायचे असते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. ‘गाडीत जागा नाही’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसांना फार लवकर समजते. ते कोणी उच्चारावेही लागत नाही. बैलगाडीच्या काळी चढावर तरुण उतरत असत. आताच्या मोटारीतून वृद्ध उतरतात, आणि तेही अंगणातच.

तेव्हा गाडी मोठी घ्या, लहान घ्या, अथवा भाड्याने आणा. आसने मोजताना मात्र चालकापासून मोजायला लागू नका. गेल्या खेपेला घरी कोण राहिले होते ते आठवा आणि पहिले आसन त्या माणसाच्या नावावर मांडा. उरलेल्यांपैकी कोणाला जागा कमी पडली, तर त्याच्यासाठी बस आहे, रेल्वे आहे, आणि तरुण पाय तर आहेतच.