कळा सोसताना कमरेला शेक

बाळंतपणातला शेक म्हटले की आपल्या घरांत आठवते ती बाजेखालची शेगडी, म्हणजे मूल झाल्यानंतरचा शेक. परंतु शेकाने खरा आराम मिळतो तो त्याआधी, कळा चालू असताना. आणि नेमक्या त्याच वेळी बाईला काय ऐकावे लागते? "सोस, आम्ही नाही का सोसले?" भगिनींनो, सोसण्याचे हे कौतुक आता पुरे झाले, असे आम्हांला वाटते.

जुन्या सुइणींना हे ठाऊक होते. गावाकडे सुईणपण अनेक ठिकाणी मांगवाड्यातल्या बायांकडे असे. एरवी ज्यांचा विटाळ मानायचा त्यांच्याच हातावर साऱ्या गावाच्या लेकी-सुना मोकळ्या व्हायच्या. गरम पाण्यात पिळलेले फडके कमरेवर दाबून धरायचे, कंबर चोळायची, ही त्यांची साधी विद्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणातल्या देखभालीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत निरोगी गरोदर बाईने वेदना कमी करण्यासाठी मागितल्यास मालीश किंवा गरम शेक द्यावा, असे सांगितले आहे.

शेकाने होते काय? कमरेचे आखडलेले स्नायू सैल पडतात आणि तिथला रक्तपुरवठा वाढतो. शिवाय उबेची जाणीव मेंदूकडे जात राहिली की दुखण्याची जाणीव थोडी मागे पडते. दुखल्या जागी आपण आपोआप हात चोळतो, तसेच हे. कळा मात्र थांबत नाहीत, दुखणे पूर्ण जातही नाही. ते सुसह्य होते, आणि बाईच्या अंगात पुढे जोर लावायला त्राण उरते.

रबरी पिशवी असेल तर ती अर्धी-पाऊण भरावी, आतली हवा दाबून काढावी, झाकण घट्ट लावावे आणि टॉवेलात गुंडाळून कमरेच्या खालच्या भागावर किंवा मांड्यांवर ठेवावी. पिशवी नसेल तर गरम पाण्यात पिळलेला जाड पंचा चालतो. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. आपल्याला चटका बसला तर तो तिच्यासाठी नाही. कळ जोरात असली की बाईला पाठ भाजतेय हे कळतसुद्धा नाही, म्हणून मधून मधून पिशवी उचलून कातडी पाहावी. पंधरा-वीस मिनिटांनी थोडी विश्रांती द्यावी. तव्यावर तापवलेली वीट किंवा मिठाची पुरचुंडी या वेळी नकोच, तिची ऊब कुठे किती आहे याचा अंदाज येत नाही. तिला ताप असेल, किंवा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला असेल, तर शेक अजिबात देऊ नये.

मूल बाहेर येण्याच्या वेळचा शेक वेगळा, तो नर्सबाईंनीच द्यायचा. सिडनीमध्ये पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ७१७ बायांपैकी काहींना त्या वेळी योनीच्या खालच्या भागावर कोमट कपडा धरला. टाके पडायचे ते पडलेच. पण गुदद्वारापर्यंत फाटण्याच्या मोठ्या जखमा कमी झाल्या आणि दुखणेही कमी झाले.

आता खरी अडचण. कमरेला फडके धरायला माणूस तर जवळ हवे! सासू, आई बाहेरच्या बाकावर आणि बाई आत एकटी, हे पुष्कळ जणींनी भोगले आहे. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवू देण्यास सांगितले आहे. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी आणि डॉक्टरांच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये, अशा अटी. ससून असो, मंगळवार पेठेतले कमला नेहरू असो की भवानी पेठेतले सोनवणे प्रसूतिगृह, आठव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच विचारून ठेवा: सोबत कोण येऊ शकेल, पिशवी आणली तर गरम पाणी मिळेल का? ऐन कळांत वाद घालायचे बळ कोणाला असते?

आणखी एक. घरी शेक देत बसून दवाखान्याला उशीर करू नका. शेकाने, पडून राहिल्याने कळा विरल्या तर त्या बहुधा खोट्या. ठराविक वेळाने येऊन वाढतच गेल्या तर निघायचे. अंगावरून रक्त जाणे, पाणी फुटणे, मग ते हिरवट असो वा नसो, बाळाची हालचाल मंदावणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, किंवा मध्ये उसंतच न देणारे सलग दुखणे, यांतले काहीही दिसले तर पिशवी बाजूला ठेवावी आणि १०८ ला फोन लावावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन झाले तरी, २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा योजनेत मोफत आहे; येण्या-जाण्याची गाडीही त्यातच येते.

दवाखान्याच्या पिशवीत बाळाचे लंगोट, टोपडी भरतोच आपण. त्यात रबरी पिशवी, दोन जुने स्वच्छ पंचे आणि तपासणीचे कार्ड टाकून ठेवा. आणि नवऱ्यालाही कंबर कशी दाबायची ते आधीच दाखवून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंतच्या वाटेत तोच जवळ असतो.