चहा उकळणाऱ्यांची बाजू

चहा उकळला की मेला, असे मत सुशिक्षितांच्या बैठकींत वेदवाक्यासारखे ऐकविले जाते. उकळते पाणी किटलीतील पानांवर ओतावे, पाच मिनिटे झाकून ठेवावे, दूध वेगळे द्यावे. बाकी सारे टपरीचे. आम्हांस हे मान्य नाही.

या मताचे पाठीराखे जॉर्ज ऑर्वेलकडे बोट दाखवितात. त्याचा ‘अ नाइस कप ऑफ टी’ हा निबंध १९४६ च्या जानेवारीत लंडनच्या ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आला. त्यात नियम अकरा. साखरेला सक्त मनाई. पण तो काळ रेशनिंगचा होता आणि दोन औंस पुडीतून वीस कडक कप कसे निघावेत, ही त्या निबंधाची अखेरची चिंता आहे. म्हणजे हे नियम टंचाईने शिकविलेले आहेत.

टंचाई आमच्या मालवण किनाऱ्यावरही होतीच. येथे दुधाचा तुटवडा, म्हणून कोरी चाय. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली गवती चहाची पात, ठेचलेले आले आणि गूळ पाण्यात उकळू द्यायचा. पाण्याला त्यांचा वास लागला की मगच पूड, एक कढ, झाकण. गुळाच्या चहात विस्तवावर दूध घातले तर ते फाटते, हे येथील कोणत्याही आजीस ठाऊक असते. दूध असलेच तर भांडे उतरवून, शेवटी. हेही नियमच आहेत. एका टंचाईचा निबंध होतो आणि दुसरीचे अडाणीपण, हा न्याय कुठला?

शिवाय आपण पितो ती पूड बहुतांश सीटीसी. हे यंत्र १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस आसामात आले. पान चुरडून, फाडून, वळवून केलेला तो दाणा रंग आणि कडकपणा झटपट सोडतो; दूध-साखर पेलण्याची ताकद त्याच्यात असते. अखंड पानाचा नाजूक विधी त्याला लावणे म्हणजे ओवीला वृत्ताचे गण लावून चुका काढणे होय. अखंड पानाचा दार्जिलिंग कुणी उकळू नये, हे आम्हीही म्हणू. (सकाळच्याच चोथ्यावर दिवसभर पाणी वाढविणाऱ्या टपरीचीही आम्ही वकिली करीत नाही. तो दोष कंजूषपणाचा, उकळण्याचा नव्हे.)

आणि ‘शुद्ध’ विधी तरी आला कोठून? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या व्यापाऱ्यांनी भित्तिपत्रके लावून तो भारतीयांना शिकविला. दूध, साखर, मसाला वाढवून पूड कमी घालणारा विक्रेता त्यांना खुपत होता, कारण त्यात खप बुडत होता. व्यापाऱ्याची ती तक्रार आज अभिरुची म्हणून मिरवते.

भाषेतही हेच चालते. ‘वाईच चाय टाक’ म्हणणाऱ्या मुलास ‘चाय हिंदी, मराठीत चहा, आणि तो पुल्लिंगी’ असे सुनावले जाते. ‘चाय’ हे रूप फारसीतले. खुष्कीच्या मार्गाने ते अर्ध्या आशियात पसरले. ते एकट्या हिंदीच्या मालकीचे कधी झाले?

तेव्हा ऑर्वेल जरूर शिकवावा. पाणी पानांना भेटताना उकळतेच असावे, असा त्याचाही आग्रह आहे. आमच्यापासून तो फार दूर नाही. मग मुलांना घरच्या चहाचे नियम लिहावयास सांगावे. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वहीत पहिला नियम ‘पाणी चांगला उकळूक होया’ असा आला, तर त्याखाली तांबडी शाई ओढू नये.