दुकान गेले, पतपेढी उरली

व्यापारी घराण्याचे मोठेपण त्याच्या दुकानाच्या मजल्यांवरून मोजण्याची सवय आपल्यालाही जडली आहे. बॉस्टनच्या फायलीन घराण्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक ठरावा.

प्रशियातून अमेरिकेत गेलेल्या विल्यम फायलीन यांनी १८८१ साली बॉस्टनमध्ये दुकान थाटले. पुत्र एडवर्ड व लिंकन यांनी ते भरभराटीस आणले आणि न्यू इंग्लंडमध्ये त्याच्या शाखा पसरल्या. १९०७ साली एडवर्ड हिंदुस्थानात आले असता बंगालच्या खेड्यांत त्यांनी सावकारी पाशातून सुटू पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्या पाहिल्या. मूळ कल्पना जर्मन, कायदा इंग्रजांचा. परंतु एकमेकांस जामीन राहणारी माणसे आपल्याच खेड्यांतील होती. १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी झटणाऱ्यांत एडवर्ड अग्रणी होते.

१९२९ साली दुकान एका मोठ्या समूहात गेले. २००६ साली शाखांवरील फायलीन नावाच्या पाट्या उतरल्या. अमेरिकेतील पतसंस्थांचे सभासद मात्र आज दहा कोटींहून अधिक आहेत.

आपल्या गावच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेस आपण शेवटचे केव्हा गेलो होतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.